यंत्रमागाच्या दुरुस्तीचा हिशेब संगणकावर

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीतील एखाद्या यंत्रमाग कारखानदाराला विचारा की, गेल्या महिन्यात सूत किती लागले? तो वही उघडून किलोपर्यंत आकडा सांगेल. पण सात नंबरचा माग गेल्या महिन्यात किती वेळा बंद पडला आणि का, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळते, "जॉबरला माहीत." तो जॉबर उद्या दुसऱ्या कारखान्यात गेला की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते.

हे नुकसान किती असते ते पाहू. समजा, साधा माग मिनिटाला १५० पिक टाकतो आणि कापडात इंचाला ५२ पिक आहेत. अशा मागावर तासाला जास्तीत जास्त ४.४ मीटर कापड निघते. २४ मागांच्या कारखान्यात प्रत्येक माग दिवसाला केवळ अर्धा तास दुरुस्तीसाठी थांबला, तर १२ तास, म्हणजे रोजचे सुमारे ५३ मीटर कापड गेले. पंचवीस दिवसांत १३०० मीटरांहून अधिक. सूत, मजुरी व विजेचे दर आपल्या हातात नाहीत. हा अर्धा तास पुष्कळसा आपल्या हातात आहे.

त्यासाठी मोठ्या कारखान्यांत 'वर्क ऑर्डर'ची पद्धत असते. वर्क ऑर्डर म्हणजे दुरुस्तीची क्रमांक घातलेली चिठ्ठी. माग बंद पडला की चिठ्ठी उघडायची: माग नंबर, वेळ, काय झाले, कोणाकडे काम दिले. माग चालू झाला की बंद करायची: वेळ, कोणता भाग बदलला, बिघाडाचे कारण काय. हेच काम संगणकावर किंवा मोबाईलवर करणारी सॉफ्टवेअर्स आज मिळतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात यंत्रांची यादी, ठरावीक मुदतीची देखभाल आणि दुरुस्तीच्या नोंदी ठेवता येतात. परवान्याची किंमत नसली तरी ते बसविणे, चालविणे आणि माणसे शिकविणे यांचा खर्च येतो, हे विक्रेता सहसा शेवटी सांगतो.

लहान कारखान्याला सुरुवातीला साधी एक्सेलची शीटही पुरते. खरी मेख वेगळीच आहे. चिठ्ठी उघडली जाते, पण 'कारण' हा रकाना कोरा राहतो किंवा त्यात 'रिपेअर केले' एवढेच असते. अशा हजार नोंदी जमवूनही हाती काही लागत नाही.

उदाहरणादाखल असे समजा की, सात नंबरच्या मागाचा पिकर महिन्यात तीनदा बदलला गेला. प्रत्येक वेळी जॉबरने चपळाईने नवा पिकर लावला, माग चालू झाला, सारे खूश. तिन्ही चिठ्ठ्या संगणकाने एकाखाली एक दाखविल्या की शंका येते. धोटा पेटीत सरळ शिरत नसेल तर नवा पिकरही झिजतच राहणार. म्हणजे दुरुस्ती पिकरची नव्हे, पेटीची हवी होती. तीन वेगवेगळ्या दिवशी, कदाचित दोन वेगवेगळ्या पाळ्यांत घडलेली गोष्ट माणसाच्या लक्षात राहत नाही, नोंदीत राहते.

म्हणून बिघाडाची दहा-बारा कारणे आधीच ठरवून द्यावीत: पिकर, धोटा, पट्टा, बेअरिंग, मोटार, फणी, बीम, वीज इत्यादी. जॉबरने बोटाने फक्त निवड करायची. 'इतर' हा पर्याय ठेवावाच लागतो, पण निम्म्या चिठ्ठ्या 'इतर'मध्ये जाऊ लागल्या तर यादी चुकली असे समजावे.

दोन बिघाडांमधील सरासरी वेळ हा आकडाही सॉफ्टवेअर काढून देऊ शकते. एक माग ६०० तासांत दोनदा बंद पडला, तर सरासरी ३०० तास. दुसरा बारा वेळा, तर ५० तास. कोणता माग विकावा वा पूर्ण खोलावा, हे ठरवायला यापरता साधा पुरावा नाही.

ठरावीक मुदतीच्या देखभालीत मात्र एक खोच आहे. तेल-ग्रीसची आठवण तारखेवर लावली तर आठवडाभर सूत नसल्याने बंद असलेल्या मागाचीही चिठ्ठी निघते. मग लोक न वाचताच ती बंद करतात. मुदत चालू तासांवर लावावी. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा मोठी कामे त्या दिवशी उरकावीत असा मोह होतो. परंतु जॉबरचीही तीच सुटी असते. तेव्हा एका वेळी दोन-तीन मागांपुरतेच, आधी कळवून आणि जादा मजुरी देऊन हे करावे.

सर्वांत नाजूक बाब जॉबरची. पहिल्याच महिन्यात मालकाने चिठ्ठ्या पुढे ठेवून "दोन तास का लागले?" असे दरडावले, तर दुसऱ्या महिन्यात सगळी कामे कागदावर वीस मिनिटांत होतील. बहुतेक उशीर तर भाग शिल्लक नसल्याने होतो, आणि तो दोष खरेदी करणाऱ्याचा, म्हणजे अनेकदा मालकाचाच. चिठ्ठीत 'भागाची वाट पाहिली' असा वेगळा वेळ नोंदवण्याची सोय ठेवा. कपाटात किती पिकर आणि किती पट्टे ठेवावेत, याचा आकडा त्यातूनच मिळेल. मेहताजींनी महिनाअखेर दुकानाच्या बिलांशी तो ताडून पाहावा.