काम करून डाइव्हमास्टर होता येतं?

प्रश्न : मालवणला हौस म्हणून स्कूबा केलं, मग ओपन वॉटर कोर्सही पूर्ण केला. आता अंदमानातल्या एका केंद्राने ‘आमच्याकडे काम करा, डाइव्हमास्टरची फी माफ’ असं सांगितलंय. जावं का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : जरूर विचार करा, पण आधी हिशेब नीट मांडा. ओपन वॉटरनंतर लगेच डाइव्हमास्टर होता येत नाही. मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यू हे दोन टप्पे आहेत. पाडी संस्थेच्या नियमानुसार वय 18 पूर्ण हवं, प्रथमोपचार-सीपीआरचं प्रशिक्षण गेल्या 24 महिन्यांतलं हवं आणि डॉक्टरांचा दाखला हवा. कोर्स सुरू करताना 40 डाइव्ह झालेल्या लागतात, प्रमाणपत्र मिळताना 60. इंटर्नशिपचा मोठा फायदा इथेच आहे. रोज बोटीवर असलात की हा आकडा पदरच्या पैशाशिवाय वाढू शकतो.

मोबदल्यात टाक्या वाहायच्या, कंप्रेसरवर भरायच्या, गियर धुवायचं. याला हमाली समजू नका. रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवण्याआधी फर्स्ट स्टेजचं झाकण कोरडं करून घट्ट बसवावं लागतं. ते राहिलं तर पाणी आत जाऊन गंज धरतो. ही शिस्त रोजच्या कामातूनच अंगवळणी पडते.

पण सगळा दिवस धुण्या-वाहण्यात गेला तर डाइव्हमास्टरचं शिक्षण होणार नाही. त्यासाठी इन्स्ट्रक्टरचा वेळ लागतो. 400 मीटर पोहणं, 15 मिनिटं तरंगणं, थकलेल्या डायव्हरला 100 मीटर ओढून आणणं या परीक्षा सरावाने जमतात. पाण्याखाली एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीने श्वास घेत जोडीदाराशी गियरची अदलाबदल करायची, ही परीक्षा मात्र डोकं शांत ठेवायला शिकवते.

कारण पुढे दुसऱ्यांचा जीव सांभाळायचा असतो. 12 लिटरच्या टाकीत 200 बारला साधारण 2400 लिटर हवा मावते. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. घाबरलेला नवखा धापा टाकू लागला की काटा भराभर खाली येतो. त्याने गेज दाखवण्याआधी त्याच्या बुडबुड्यांवरून तुम्हाला हे कळलं पाहिजे. अशी नजर अनुभवी माणसाच्या शेजारी पोहूनच तयार होते.

म्हणून केंद्राकडून लेखी घ्या : आठवड्याला काम किती तास, डाइव्ह किती, शिकवणारा इन्स्ट्रक्टर कोण, पुस्तकं, प्रमाणपत्राचं शुल्क, राहणं-जेवण आणि विमा कोणाकडे, मध्येच सोडल्यास काय. हेही लक्षात ठेवा, की डाइव्हमास्टर प्रमाणित डायव्हरांना फिरवून आणू शकतो, इन्स्ट्रक्टरला मदत करू शकतो. पण नवख्यांचा ओपन वॉटर कोर्स स्वतंत्रपणे घेऊ शकत नाही.

केंद्राने शिकवण्याचे तास लिहून दिले, तर बिनधास्त जा. फक्त कामाचेच तास लिहून दिले, तर थोडे पैसे साठवून फी भरा आणि नीट शिका.