घरच्या संगणकाचा वाटाड्या कोण? डीएनएसची ओळख



जळगाव असो की धुळे, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता इंटरनेट आहे. विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, बँकेचा व्यवहार, वीजबिल, रेल्वेचे तिकीट ही सारी कामे घरी बसून होतात. संगणक अडला की कोणीतरी जाणकार येतो, सेटिंगमध्ये काही बदल करतो आणि निघून जातो. त्याने नेमके काय बदलले हे आपण सहसा विचारत नाही. त्या सेटिंगमध्ये एक नोंद अशी आहे की ती वाईट माणसाच्या हाती गेली, तर बँकेचे नाव अचूक टाइप करूनही आपण भलत्याच दारात जाऊन उभे राहतो. त्या नोंदीला डीएनएस म्हणतात. ती काय आहे, कशी पाहायची, कधी बदलायची आणि कोणाच्या सांगण्यावरून मुळीच बदलायची नाही, हे आजच्या पाठात पाहू.

१. नाव माणसाचे, आकडा संगणकाचा

आपण गावे नावाने ओळखतो, पण टपाल खाते पिनकोड पाहते: जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. इंटरनेटचेही तसेच आहे. प्रत्येक संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्याला आकड्यांचा पत्ता असतो. आपण नाव टाइप करतो, मग त्या नावाचा आकडा कोणीतरी शोधून द्यावा लागतो.

सुरुवातीला संगणक थोडे होते. तेव्हा सगळी नावे आणि आकडे एकाच यादीत असत आणि ती यादी अमेरिकेतील एक संस्था सांभाळत असे. संगणक वाढले तशी यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने नवी व्यवस्था मांडली. यादी एका जागी न ठेवता कामाची वाटणी करायची, अशी ती व्यवस्था. तिचेच नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस.

२. वाटाड्या कसा विचारत जातो

समजा, आपल्याला एका खेड्यातील शेताचा सातबारा हवा आहे. मुंबईच्या मंत्रालयात तो मिळणार नाही, पण जिल्हा कोणता ते तिथे सांगतील. जिल्ह्याला तालुका ठाऊक असतो, तालुक्याला गावाचा तलाठी, आणि नेमकी नोंद तलाठ्याकडे. डीएनएस याच पायऱ्यांनी चालते. उदाहरणासाठी आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा पत्ता घ्या: एनएमयू.एसी.इन. तो उजवीकडून वाचायचा. सर्वांत वरचे सर्व्हर 'इन' कोणाकडे आहे ते सांगतात. 'इन' म्हणजे भारत. त्याची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. तिथून 'एसी', म्हणजे शिक्षणसंस्थांचा कप्पा, आणि शेवटी विद्यापीठाचा स्वतःचा आकडा.

ही सगळी पायपीट आपला संगणक करीत नाही. तो एकाच सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर आपल्यासाठी दारोदार फिरून उत्तर आणतो. या सर्व्हरला आपण वाटाड्या म्हणू. आपण काहीच बदलले नसेल, तर बहुधा इंटरनेट देणाऱ्या कंपनीने नेमून दिलेलाच वाटाड्या असतो.

वाटाड्या मिळालेले उत्तर काही वेळ लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फेरी वाचते. पण त्या उत्तराला मुदत असते, आणि ती का हवी हे आपल्या भागातील माणसाला लगेच पटेल. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. त्यानंतरही शहाद्याच्या माणसाला जो 'जिल्ह्याचे काम धुळ्याला' असे सांगत राहिला, तो खोटारडा नव्हता, त्याची माहिती शिळी होती. एखादे संकेतस्थळ नव्या ठिकाणी हलल्यावर काही तास कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही, त्याचे कारण हेच. अशा वेळी सेटिंग उचकू नये. संगणक बंद करून पुन्हा चालू करावा आणि थोडे थांबावे.

३. वाटाड्याच फितूर झाला तर

वाटाड्याने खोटा आकडा दिला तर नाव बरोबर असूनही घर चुकते. हे प्रत्यक्षात घडले आहे.

२००७ पासून एका टोळीने 'डीएनएस चेंजर' नावाचा घातक प्रोग्राम पसरवला. तो संगणकात शिरला की वाटाड्याची नोंद गुपचूप बदलून टोळीच्या सर्व्हरची करीत असे. मग माणूस एका दुव्यावर क्लिक करी आणि पोहोचे टोळीच्या सोयीच्या पानावर. विषाणूनाशक प्रोग्रामची अद्ययावत प्रतही तो मिळू देत नसे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियाच्या पोलिसांच्या मदतीने टोळी पकडली. तोवर शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक बाधित झाले होते आणि टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले होते. बाधित देशांत भारतही होता.

पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो घरांचे इंटरनेट ठप्प झाले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी प्रामाणिक सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले गेले. आठ महिने जगभर सूचना दिल्या जात होत्या, तरी शेवटच्या दिवसापर्यंत पुष्कळ संगणक तसेच राहिले. आपला वाटाड्या कोण, हे त्या घरांत कोणी पाहिलेच नव्हते.

दुसरा धोका राउटरचा, म्हणजे भिंतीवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डबीचा. घरातील सगळी यंत्रे तिच्यामार्फत विचारतात, त्यामुळे ती फसली की सगळे घर फसते. ब्राझीलमध्ये २०११ पासून सुमारे ४५ लाख मोडेममध्ये शिरून डीएनएस बदलले गेले आणि लोकांना खोट्या पानांवर नेले गेले. आपल्या देशात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम एका हल्ल्यात निकामी झाले. त्या हल्ल्यात डीएनएस बदललेले नव्हते, पण शिरण्याचे दार ओळखीचेच होते: कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. ग्राहकांनी तो बदलावा, असे कंपनीला सांगावे लागले.

४. आपला वाटाड्या पाहून घ्या

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल पॅनेल उघडा. त्यात नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथे चेंज अडॅप्टर सेटिंग्ज. आपल्या जोडणीवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज निवडा आणि इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ या ओळीवर दोनदा क्लिक करा. खालच्या भागात डीएनएस दिसेल. 'ऑटोमॅटिकली' समोर खूण असेल, तर संगणक राउटर सांगेल त्याला विचारतो. घरगुती जोडणीत हे नेहमीचेच आहे. तिथे आकडे भरलेले असतील, तर ते कोणी आणि कशासाठी भरले, हे घरात विचारा.

मग राउटरकडे वळा. त्याच्या पानावर जायचा आकडा बहुधा डबीच्या मागे चिकटवलेला असतो. अनेकदा तो १९२.१६८.१.१ असतो. तिथला मूळ पासवर्ड बदला, नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि डीएनएसची नोंद पाहून घ्या. राउटरमध्ये हात घालायचे धाडस नसेल, तर जाणकाराला सांगा, पण शेजारी बसून पाहा.

'नेट बंद आहे' असे वाटल्यास एक सोपी कसोटी आहे. स्टार्टमध्ये सी-एम-डी ही तीन अक्षरे टाइप करा. उघडलेल्या काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी, मग एक जागा सोडून ८.८.८.८ टाइप करा आणि एंटर दाबा. अक्षरे आणि आकडे इंग्रजीत हवेत. आकड्याला उत्तर येते पण नावाने कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले तर रस्ता चालू आहे आणि वाटाड्या गप्प आहे. आकड्यालाही उत्तर नसेल, तर बहुधा रस्ताच बंद आहे, कंपनीला फोन करा.

५. बदलायचाच असेल तर

वाटाड्या वारंवार गप्प बसत असेल, किंवा मुलांसाठी चाळणी हवी असेल, तर बदल करणे योग्य आहे. जगभर वापरात असलेले आणि फुकट मिळणारे काही पर्याय असे:

गूगल, डिसेंबर २००९ पासून: ८.८.८.८ आणि ८.८.४.४.
क्वाड नाइन, २०१७ पासून, ज्ञात घातक संकेतस्थळे अडवते: ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२.
क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा, २०२० पासून, घातक आणि अश्लील दोन्ही अडवते: १.१.१.३ आणि १.०.०.३.

जुनी नोंद आधी वहीत लिहा, मगच नवी भरा. पहिला आकडा 'प्रेफर्ड' समोर, दुसरा 'आल्टरनेट' समोर. जोडणीत व्हर्जन ६ ही चालू असेल, तर तिथली नोंदही त्याच सेवेची करावी लागते, नाहीतर संगणक जुन्यालाच विचारत राहतो. एकाच संगणकाऐवजी राउटरमध्ये बदल केल्यास तो सगळ्या घराला लागू होतो.

६. याने काय होत नाही

डीएनएस बदलल्याने कंपनीने दिलेला वेग वाढत नाही. चाळणी नावे अडवते, पानाच्या आतला मजकूर तपासत नाही. मुलाने मोबाइलचा डेटा सुरू केला किंवा ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' म्हणून दुसरीच सेवा निवडली, तर चाळणी बाजूला राहते. मुलांशी बोलणे हे काम कोणतेही सेटिंग आपल्याऐवजी करणार नाही. आणखी एक, आपण कोणकोणती नावे विचारतो हे वाटाड्याला कळते. म्हणून कोणाकडेही ते काम सोपवू नये.

बँकेच्या व्यवहारात दोन गोष्टी पाहा. ब्राउझरने 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' कधीही दाबू नका. वाटाड्या फितूर झाला तरी हा दुसरा पहारेकरी जागा असतो. आणि पत्ता नीट वाचा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना 'बँक.इन' ने संपणारे पत्ते घेण्यास सांगितले, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. असा पत्ता बँकेशिवाय इतरांना मिळत नाही.

फोनवर कोणी 'तुमचे नेट बिघडले आहे, मी सांगतो ते आकडे भरा' किंवा 'हे ॲप घ्या, मी इथूनच दुरुस्त करतो' म्हणाला, तर फोन ठेवा आणि बिलावरच्या क्रमांकावर स्वतः विचारा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

घरी करून पाहा

१. आपल्या संगणकाची डीएनएसची नोंद शोधा आणि तारखेसह वहीत लिहा.
२. राउटरचा पासवर्ड कारखान्यातलाच आहे का? असल्यास या आठवड्यात बदला.
३. घरातील मुलांना विचारा: नाव बरोबर लिहूनही माणूस चुकीच्या ठिकाणी कसा पोहोचतो? त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले की पाठ समजला असे धरा.
४. शेजारी एकटे राहणारे वडीलधारे असतील, तर त्यांच्याही घरी हे पाहून या. नोंदीची वही मात्र त्यांच्याच हाती ठेवा.