पाच वर्षांनी पुन्हा कॅमेरा हाती

प्रश्न : मुलीचं शिक्षण आणि नोकरीची धावपळ यांत पाच वर्षं कॅमेरा कपाटातच राहिला. पुन्हा पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. सुरुवात कशी करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स घरी न उघडता दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. नव्या लेन्सवर मात्र लगेच खर्च करू नका, कारण गंज चढतो तो सरावाला.

पहिले काही रविवार संभाजी तलावाच्या काठी, सूर्योदयानंतरच्या तासाभरात घालवा. बगळे निवांत उभे असतात, त्यांच्यावर फोकसचा हात बसतो. उडत्या पक्ष्यांसाठी शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि गरजेप्रमाणे आयएसओ वाढवा.

हात बसला की नान्नजच्या माळावर जा. १९७९मध्ये अभयारण्य झालेल्या या परिसरात माळढोक आता अतिशय दुर्मीळ झाला आहे. पण काळवीट, धाविक, चंडोल आहेत. इथले अनेक पक्षी जमिनीवरच घरटी करतात. म्हणून वाट सोडू नका, घरट्याजवळ जाऊ नका.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. तोवर सराव करा आणि त्या आठवड्यात मुलीलाही सोबत न्या.