शरीरातला हीटर आणि पिवळी पावडर

जानेवारीच्या पहाटे हॉस्टेलचा गीझर दगा देतो, पण आपल्या पोटातला पारा 37 अंशांच्या आसपासच राहतो. कसा काय?

कातडीतल्या नसांच्या टोकांवर टीआरपीएम-8 नावाचं प्रोटीन असतं. गार लागलं की ते उघडतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे आपल्या थर्मोस्टॅटला, निरोप जातो. (पेपरमिंटने तोंड गार वाटतं ते मेन्थॉल याच प्रोटीनला फसवतं म्हणून!) मग रक्तवाहिन्या आवळतात, आपण कुडकुडतो. पण खरी गंमत ब्राउन फॅटमध्ये आहे.

पेशीतला मायटोकॉन्ड्रिया म्हणजे एक छोटं धरणच समजा. अन्नातल्या ऊर्जेवर तो प्रोटॉन पडद्यापलीकडे पंप करतो. ते परत येताना एटीपी सिंथेजचं टर्बाइन फिरवतात, अगदी खरोखर फिरवतात, आणि एटीपी तयार होतं. ब्राउन फॅटमध्ये यूसीपी-1 नावाची चोरवाट असते. तिथून आलेल्या प्रोटॉनचं एटीपी होत नाही, नुसती उष्णता. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही, त्याला हीच ऊब तारते. मोठ्यांमध्येही हे फॅट काम करतं, हे 2009 मध्ये स्कॅनवरून पक्कं झालं.

मुख्य म्हणजे या गळतीला व्हॉल्व्ह आहे. थंडीत नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, त्याने फॅटी अ‍ॅसिड मोकळी होतात, ती यूसीपी-1 चालू करतात. ऊब आली की बंद. मेकॅनिकलवाल्यांनाही असं डिझाइन जमणार नाही!

आता जिमवाल्यांनी नीट वाचा. डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, ही पिवळी पावडर. पहिल्या महायुद्धात ती स्फोटकांत वापरत. 1933 पासून अमेरिकेत लोक वजन घटवायला ती खाऊ लागले. काहींना मोतीबिंदू झाला, काही मेले, आणि 1938 मध्ये तिथे ती बंद झाली. तरी आजही इंटरनेटवर 'फॅट बर्नर' म्हणून ती चोरून विकली जाते. डीएनपी प्रोटॉनला पडद्यातून स्वतः उचलून नेतं, आणि तेही फक्त ब्राउन फॅटमध्ये नाही, तर हृदय, लिव्हर, स्नायू, सगळीकडे. व्हॉल्व्ह नाहीच.

साध्या तापात थर्मोस्टॅटचं सेटिंगच वर गेलेलं असतं, पॅरासिटामॉल ते खाली आणतं. इथे सेटिंग ठीक आहे, घाम धो धो वाहतोय, भट्टी मात्र प्रत्येक पेशीत पेटली आहे. मग गोळी काय करणार? यावर उतारा असं औषधही नाही. त्यामुळे रूममेटने असलं काही घेतलंय, अंग तापलंय आणि धाप लागलीय असं दिसलं, तर गोळी देऊन झोपवू नका. तडक कॅज्युअल्टीत न्या, आणि तो कितीही 'नको नको' म्हणाला तरी डॉक्टरांना पावडरचं नाव सांगा.