वीर, शूर आणि हुतात्मा : एका युद्धपटाच्या निमित्ताने

जनवाडा परिसरात मराठी शिकवताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. जवानावर निबंध लिहायला सांगितला की विद्यार्थी विशेषणांची रास घालतात. पण त्या माणसाने नेमके काय केले, हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘वीर’ हा शब्द कोण, कोणाला आणि कशासाठी लावतो, याचा विचार करायला क्लिंट ईस्टवूड यांचा २००६ सालचा ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ हा चित्रपट उपयोगी पडतो.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर सहा सैनिक झेंडा उभारत असतानाचे छायाचित्र जो रोझेन्थाल यांनी टिपले. तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा. आधीचा लहान झेंडा काढून मोठा लावायचा, एवढेच काम होते. छायाचित्र मात्र देशभर गाजले. सहांपैकी तिघे त्याच बेटावर पुढे मारले गेले. उरलेले तिघे म्हणून जॉन ब्रॅडली, रेने गॅग्नन आणि आयरा हेज यांना मायदेशी आणून युद्धकर्जाचे रोखे खपवण्यासाठी शहरोशहरी फिरवले. चित्रपटात त्यांना मैदानात उभारलेल्या खोट्या डोंगरावर चढून झेंडा लावावा लागतो. खरे वीर बेटावरच राहिले, ही बोच त्यांना आहे. हेजला तर हा सत्कार सोसवतच नाही. पुढे २०१६ मध्ये ब्रॅडली आणि २०१९ मध्ये गॅग्नन त्या छायाचित्रात नव्हतेच, हे अमेरिकी मरीन दलाने मान्य केले. म्हणजे चित्र खरे, पण त्याला जोडलेली नावे चुकली होती.

आपल्या भागातील वाचकाला येथे वीरगळ आठवावा. हा शब्द कन्नडमधून आला : ‘वीर’ आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही; वीर दिसतो, नाव हरवते. पण वीरगळ मेलेल्यासाठी उभारतात. चित्रपटातील तिघांचे दुःख असे की, जिवंतपणीच त्यांचा वीरगळ करण्यात आला.

आता शब्दांकडे वळू. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. मृत्यूशिवाय हा शब्द लागू होत नाही. ‘शूर’ हा स्वभावाचा व कृतीचा गुण सांगतो. ‘वीर’ मात्र बहुधा इतरांनी दिलेली पदवी असते. म्हणून वीरचक्र, वीरमाता, वीरपत्नी असे शब्द घडतात. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले की अर्थ पुसट होतो.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांचे उदाहरण घ्या. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी मार्गावर, शत्रूच्या माऱ्यात, जखमी असतानाही त्यांनी सुरुंग काढले, अडथळे दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र त्यांना हयातीत मिळाले. या वाक्यांत एकही गौरवाचे विशेषण नाही, तरी माणूस उभा राहतो. ‘सुरुंग काढले’ हे क्रियापदच ‘महापराक्रमी’पेक्षा जास्त सांगते.

म्हणून वर्गासाठी एक स्वाध्याय सुचवतो. गावातील एखाद्या माजी सैनिकाशी बोलून दहा वाक्ये लिहावीत. अट अशी की, ‘वीर’, ‘शूर’, ‘महान’ हे शब्द वापरायचे नाहीत. कोठे, केव्हा, कोणाबरोबर आणि काय केले एवढेच लिहायचे. एखादी गोष्ट सांगायची त्यांची इच्छा नसेल, तर ती विचारू नये. परत न आलेल्या सोबत्यांबद्दल ते आपणहून बोलले, तर ते मात्र अवश्य टिपावे. मग लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवावे आणि त्यात त्यांना न पटणारा शब्द असेल तर तो काढावा. गौरव ज्याचा करायचा, त्याला तो आपलाच वाटतो का, हे तपासण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.