तंजावर ते कुट्टनाड, आईच्या चालीने

प्रश्न : सत्तरीची आई आणि दोन मुलं घेऊन आठ दिवसांत दक्षिणेतली देवळं, बॅकवॉटर आणि खेडी पाहता येतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येतील, पण ठिकाणं कमी करा. रामेश्वर, कन्याकुमारी या वेळी सोडाच. तंजावर, मदुराई आणि अलेप्पी पुरेत.

तंजावरला दोन रात्री द्या. राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर 1010 च्या सुमारास पूर्ण झालं. त्याच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. लिपी मोडी नाही, देवनागरी. मुलांना स्वतः अक्षरं लावू द्या. आईला तिथे काय वाटेल, ते मी सांगायला नको!

मदुराईचं मीनाक्षी मंदिर दुपारी बंद असतं, म्हणून सकाळी लवकर जा. दगड तापतात, आईसाठी मोजे ठेवा.

अलेप्पीत हाउसबोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास किनाऱ्याला लागते, कारण मग कोळ्यांची जाळी पडतात. मला तर सरकारी प्रवासी बोटच जास्त आवडते. दप्तरं घेतलेली मुलं, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका आणि समुद्रसपाटीखालची कुट्टनाडची भातखाचरं तिच्यातूनच जवळून दिसतात. अलेप्पीजवळच्या अंबलप्पुळच्या देवळात पुरुषांनी सदरा काढायचा असतो. तिथलं पालपायसम, म्हणजे दुधातली तांदळाची खीर, चुकवू नका.