वळिवड्याची पोलिश शाळा

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळिवडे नावाचे गाव आहे. पंचगंगेच्या पाण्यावर पोसलेले उसाचे मळे, हिवाळ्यात दरवळणारा गुऱ्हाळांचा वास, धुळीने भरलेल्या गाडीवाटा. करवीर तालुक्यातील इतर गावांसारखेच हे गाव. परंतु इ. स. १९४३ ते १९४८ या काळात या गावाजवळच्या माळावर एक निराळेच नगर वसले होते. तेथे कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते आणि शाळाही होत्या. सकाळ झाली की पिंगट केसांची शेकडो मुले त्या शाळांकडे धावत आणि पोलिश भाषेत धडे म्हणू लागत. मध्य युरोपातील पोलंड देशाची ही मुले कोल्हापूर संस्थानात कशी येऊन पोहोचली, ही हकिगत मोठी करुण आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य आत शिरले आणि त्या दुर्दैवी देशाचे दोन तुकडे झाले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे घरांतून उठवून सायबेरिया व कझाकस्तान या प्रांतांत पाठविण्यात येऊ लागली. मध्यरात्री दारावर थाप पडे. सामान बांधावयास तास-अर्धा तास मिळे आणि मग गुरे वाहून नेण्याच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास घडे. कडाक्याची थंडी, उपासमार आणि जंगलतोडीचे काम यांत कित्येकांनी प्राण सोडले. पुढे जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा रशियाला पोलंडशी समझोता करावा लागला आणि या बंदिवानांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश फौज उभी राहिली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सैनिक व नागरिक मिळून एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणात उतरली.

पुरुष फौजेबरोबर गेले. बायकामुलांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या राज्यात, जामनगरजवळ बालाचडी येथे, पोलिश मुलांसाठी निवासस्थान उघडले. ही मुले जामसाहेबांना ‘बापू’ म्हणत. त्यानंतर वळिवड्याची मोठी छावणी उभारण्यात आली. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा एक अजाण बालक होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. छावणीचा खर्च लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारच्या नावे पडे. इराणातून जहाजाने कराची आणि कराचीहून आगगाडीने वळिवडे, असा प्रवास करून सुमारे पाच हजार माणसे येथे आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती.

या मुलांना प्रथम काय शिकावे लागले? अक्षरे नव्हेत, अंकही नव्हेत. पोटभर जेवण उद्याही मिळेल, यावर विश्वास ठेवावयास त्यांना शिकावे लागले. रशियातील दोन वर्षांत पावाचा तुकडा हेच त्यांचे सर्वस्व झाले होते. त्यामुळे ताटातील पाव न खाता खिशात घालावयाचा आणि रात्री उशीखाली दडवून ठेवावयाचा, ही सवय आश्रयाच्या ठिकाणी पोहोचल्यावरही कित्येक मुलांना सुटली नाही. पाव वाळून जाई, त्यास मुंग्या लागत. पण तो टाकून देण्याचे धैर्य मुलांना होत नसे. अशा मुलावर रागावून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव मिळतो, तिसऱ्या दिवशीही मिळतो, हे त्याने स्वतःच पाहिल्यावाचून त्याची भीती जावी कशी!

मग हवेची ओळख झाली. बर्फात वाढलेल्या या मुलांना दख्खनचे ऊन सोसवेना. डोक्यावर सोल्याची टोपी घातल्याखेरीज दुपारी बाहेर पडू नये, असा दंडक होता. हिवतापासाठी औषध घ्यावे लागे, मच्छरदाणीत निजावे लागे, अंधारात पाऊल टाकताना साप-विंचवाचे भान ठेवावे लागे. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला म्हणजे कौलांवर दिवसरात्र धारा कोसळत आणि सारा माळ चिखलाने भरून जाई. आपल्या मुलांना या गोष्टी इतक्या सवयीच्या असतात की त्यांतही काही शिकावयाचे असते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूरचे व्यापारी छावणीत दुकाने मांडून बसत. त्यांच्याशी हिंदी-मराठीचे चार मोडकेतोडके शब्द आणि हातांच्या खुणा यांवर व्यवहार चाले. अशा प्रसंगी आईपेक्षा मुलाचीच जीभ लवकर वळते आणि बाजारात तेच आईचे दुभाषी होते.

शाळेची अडचण याहून मोठी होती. दोन-तीन वर्षे शिक्षण तुटलेले; त्यामुळे मिशी फुटू लागलेला मुलगा लहानग्यांच्या वर्गात बसलेला दिसे. पुस्तके थोडी, शिक्षक त्याहून थोडे. ज्या स्त्रियांना थोडेफार शिक्षण झाले होते त्यांनीच खडू हाती घेतला. तरीही हळूहळू बालवर्ग, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, व्यवसाय शिक्षणाचे वर्ग आणि शिक्षिका तयार करणारा अभ्यासक्रम अशी व्यवस्था त्या माळावर उभी राहिली. बालवीरांची पथके निघाली, नाटके झाली, नाताळची गाणी झाली. सारा देश गमावलेल्या माणसांनी सर्वांत आधी शाळा उभी करावी, हे विशेष होय.

या शाळेत शिकवावयाचे काय, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नव्हता. पालकांची व शिक्षकांची मनोमन खात्री होती की युद्ध संपले की आपण घरी परतणार. तेव्हा मुलांची पोलिश भाषा शुद्ध राहिली पाहिजे, आपल्या राजांची व कवींची नावे त्यांना ठाऊक असली पाहिजेत, आपल्या नद्या व शहरे त्यांना नकाशावर दाखविता आली पाहिजेत. पंचगंगेच्या काठी बसून ही मुले व्हिस्तुला नदीचा उगम पाठ करीत होती. इंग्रजी हा विषय होता आणि काही मुलींना पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेतही धाडण्यात आले. परंतु छावणीतील शाळेचा प्राण पोलिश भाषा हाच होता. ‘हिंदुस्थानात राहून हिंदुस्थानची भाषा कां शिकविली नाही?’ असे आज विचारणे सोपे आहे. प्रवाशाने धर्मशाळेत बी पेरावे तरी कसे? त्याचे चित्त आपल्या शेताकडे लागलेले असते.

इकडे वडील आणि थोरले भाऊ इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैन्याने मोंते कासिनो येथील मठ सर केला. विजयाची वार्ता आली, त्याचप्रमाणे कोण पडले याच्याही वार्ता येऊ लागल्या. आणि मग, ज्या गोष्टीची कोणासही कल्पना नव्हती, ती घडली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे अमेरिका, इंग्लंड व रशिया यांच्या नेत्यांची बैठक होऊन पूर्व पोलंडचा प्रदेश रशियाकडे राहावा असे ठरले. वळिवड्याच्या बहुसंख्य मुलांची गावे नेमकी त्याच प्रदेशात होती. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढूनही ज्यांचे घर गेले, अशी ही माणसे! शाळेच्या नकाशावर ज्या गावावर बोट ठेवावयास मुले शिकली होती, ते गाव तेथेच होते; देश मात्र बदलला होता.

मग ते सारे शिक्षण वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. १९४७-४८ मध्ये ही मंडळी पांगली. सैनिकांची कुटुंबे बहुतांशी इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलियाकडे, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांकडे वळली, काहींनी बदललेल्या पोलंडचीच वाट धरली. नव्या देशातील शाळांत त्यांना पुन्हा एकदा मागच्या बाकावर बसावे लागले आणि इंग्रजीशी झुंजावे लागले. पण गणित, शिस्त, वाचनाची गोडी आणि आपण कोण आहोत हे सांगण्याजोगी एक भाषा, एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती. छावणीतील या मुलांनी उतारवयात आपली संघटना चालविली, आठवणींचे ग्रंथ सिद्ध केले. एका मुलीने तर कोल्हापूरच्याच तरुणाशी विवाह केला. तिला मराठी शिकविण्यास कोणतीही शाळा लागली नाही.

आपल्या काळातही हा प्रश्न मिटलेला नाही. अफगाणिस्तानात तालिबानची पहिली राजवट असताना शबाना बसीज-रासिख ही मुलगी मुलाचा वेश घेऊन चोरून शाळेत जाई. पुढे ती शिकण्यासाठी अमेरिकेत गेली. एका शाळेत निघताना वाटेवर मरणाचे भय होते, तर दुसऱ्या शाळेत कसलेच भय नव्हते. पण आपली म्हणावी अशी भाषाही कानी पडत नव्हती. शिक्षण पुरे करून तिने काबूलमध्ये मुलींची निवासी शाळा चालविली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल पुन्हा घेतले, तेव्हा विद्यार्थिनी, शिक्षक व त्यांचे नातलग अशा सुमारे अडीचशे माणसांसह ती शाळा आफ्रिकेतील रवांडा देशात नेण्यात आली. आपल्या मुलींना परक्या शाळांत एकेकटे पांगवावयाचे की शाळाच उचलून बरोबर न्यावयाची, असा पेच तेथेही होता. वळिवड्याच्या मातांनी ऐंशी वर्षांपूर्वी जे केले, तेच काबूलच्या या शिक्षिकेने केले.

१९४८ मध्ये पोलिश मंडळी गेली आणि बराकी ओस पडल्या. परंतु त्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. देशाच्या फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे तेथे आणण्यात आली. तीही कराचीकडूनच आली होती, त्यांच्याही गावावर आता दुसऱ्या देशाचे निशाण होते, आणि त्यांच्याही मुलांना परक्या भाषेच्या मुलखात पाटी धरावयाची होती. त्या वस्तीस गांधीनगर हे नाव मिळाले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली या छावणीचे स्मारक उभारण्यात आले. येथे मरण पावलेल्या पोलिश माणसांच्या समाधीही शहरातील दफनभूमीत आहेत. वळिवड्यात लहानपण घालविलेली वृद्ध माणसे पुढे वेळोवेळी कोल्हापुरास येऊन गेली. आता गांधीनगर ही कापडाची मोठी पेठ झाली आहे. दुकानांच्या गर्दीतून काठी टेकीत ते पाहुणे चालत, मधूनच थांबत, आणि येथे आमची शाळा होती असे एकमेकांस बोटाने दाखवीत. दुकानाच्या पायरीवर उभा असलेला सिंधी दुकानदार त्यांना आत बोलावून खुर्ची देई आणि चहा मागवी.